नुसतं बघायला

सणसरच्या बचत गटांकडून आज आम्ही तुमच्याशी बोलतोय. दर वेळी आम्ही कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, शेवया-कुरडयांचे दर असलं काहीतरी घेऊन येतो. आज त्यातलं काही नाही. आज एका सहलीची गोष्ट सांगायची आहे आणि त्या सहलीत आमच्याकडून झालेली एक चूकही सांगायची आहे.

सुरुवात मासिक बैठकीत झाली. हिशेब संपला, सह्या झाल्या, चहा यायचा होता. आमच्यातली एकजण म्हणाली, "भिगवणला म्हणं लांबलांबनं लोक पक्षी बघायला येतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. आपण इतक्या जवळ असून कधी गेलो का?" सगळ्या हसल्या. हसण्याचं कारण असं की, आम्ही घराबाहेर कशाकशासाठी पडतो ते आम्ही मोजलंच त्या दिवशी. लग्न, दहावा, दवाखाना, माहेर, बाजार, देव. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी झालं. पण देव नाही, पाहुणा नाही, काम नाही, आणि तरी बाई घरातून निघाली, असं आमच्या सोळाजणींपैकी एकीच्याही आयुष्यात घडलं नव्हतं.

घरी सांगितल्यावर एकेकीला काय काय ऐकावं लागलं! एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "बगळं बघाया पैसं घालून जाता व्हय? उसाला पाणी दिलं की आपल्याच रानात शंभर बगळं उतरत्यात. बांधावर बसून बघा की!" आता त्यांचं खोटं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी पाटानं आलं, ओल्या मातीतले किडे वर आले, की गायबगळे मागोमाग उतरतातच. पण मैत्रिणींनो, बांधावर आपण जातो तेव्हा हातात खुरपं असतं. नजर खाली असते.

गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदा ठरलं. बैठकीला येताना प्रत्येकीनं वीस-वीस रुपये वेगळे आणायचे आणि ते बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायचे. असे पाच महिने गेले. एकीच्या कांद्याची खुरपणी राहिली होती, ती म्हणाली माझं नाव काढा. तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी सावडीनं जाऊन तिचा कांदा खुरपून आलो. सहलीला निघालो ते असे.

आता कुठं गेलो ते सांगतो. भिगवणजवळ कुंभारगाव म्हणून गाव आहे, आपल्याच इंदापूर तालुक्यात. तिथं उजनीचं पाणी पसरलेलं आहे. धरणाची भिंत लांब सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, आणि ते मागं मागं पसरत इकडे आपल्यापर्यंत, पलीकडे करमाळ्यापर्यंत येतं. आपल्याला समुद्र नाही, पण हा काठ बघितला की समुद्राची आठवण व्हावी एवढं पाणी. पावसाळ्यात ते तुडुंब असतं. मग पिकाला, प्यायला पाणी सुटत जातं तसे काठ उघडे पडतात, चिखल दिसायला लागतो, गुडघाभर पाण्याच्या उथळ जागा तयार होतात. पक्ष्यांना हवा असतो तो हा चिखल. ज्या साली पाणी लवकर उतरत नाही त्या साली पाहुणे उशिरा येतात.

जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना आम्ही निघालो. पहाटे साडेचारला क्रूझर आली. भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली, त्यातनं वाट काढत गाडी निघाली. कडाक्याची थंडी. आम्ही बहुतेक जणी लग्नाला निघाल्यासारख्या नटून बसलेल्या. लाल, पिवळ्या, चमकीच्या साड्या. तिथं गेल्यावर कळलं की भडक कपडे घालून जायचं नसतं. पण ते आधी कोण सांगणार?

काठावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. होड्या लागलेल्या होत्या. बोटवाले सगळे तिथलेच मासेमारी करणारे. बोटीत बसण्याआधी आम्ही लाइफ जॅकेट मागितली. दोघी-तिघी कुरकुरल्या, साडीवर कसं दिसतंय म्हणून. पण २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जीव गेले, हे आपल्या तालुक्यात कोण विसरलंय? आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नाही. जॅकेटशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं आम्ही आपसात बजावलं. दोन बोटी केल्या, आठ-आठजणी बसलो.

पुढचा अर्धा तास कुणी फारसं बोललं नाही. धुकं उठत होतं. पाण्यात रोवलेल्या जाळ्यांच्या काठ्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. आमच्याच ओळखीचा खंड्या होता, राखी बगळा होता. नदी सुरय नावाचा पांढरा-करडा पक्षी, पिवळी चोच, वरून पाण्यात सूर मारायचा. शेकाट्या म्हणजे लाल काडीसारख्या पायांचा पक्षी, नाव किती बरोबर आहे बघा. चोच चमच्यासारखी चपटी असलेला चमचा. मग बोटवाल्या दादांनी करड्या हंसांचा एक थवा दाखवला. डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब म्हणतात त्यांना. तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर ते अंडी घालतात आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतात. हिमालय ओलांडून! आम्ही पुण्याला जायचं तर आठ दिवस आधी विचारतो.

एक चित्रबलाकही दिसला, म्हणजे पिवळी चोच आणि शेपटीजवळ गुलाबी रंग फासल्यासारखा मोठा करकोचा. हा काही परदेशी पाहुणा नव्हे. भिगवणच्या जवळच भादलवाडीच्या तलावात त्यांची मोठी वसाहत असते, झाडांवर घरटी करून पिल्लं वाढवतात. म्हणजे ते आपले तालुकावालेच.

आणि मग रोहित दिसले. फ्लेमिंगो म्हणतात ते. मराठीत रोहित, कुणी अग्निपंखही म्हणतं. दादा म्हणाले, "ते बघा रोहित." तर आमच्यातली एकजण पाण्यातच वाकून बघायला लागली, तिला वाटलं रोहू मासा. हसून हसून बोट हलली.

लांबून ती एक गुलाबीसर रेघ दिसत होती. शाळेतल्या गुरुजींनी त्यांची दुर्बीण दिली होती, ती हातोहात फिरली. दुर्बिणीतून रेघेचे पक्षी झाले. चार-साडेचार फूट उंच, पाय काठीसारखे, मान बाकदार. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात. चोचीच्या कडेला आतून कंगव्यासारखी झालर असते. जीभ भात्यासारखी हलवून पाणी आत घ्यायचं, झालरीतून गाळून बाहेर सोडायचं, आत राहील ते खायचं. म्हणजे आपली चाळणी. गुलाबी रंगही त्यांचा स्वतःचा नसतो, शेवाळ आणि बारीक झिंग्यासारखे जीव खाऊन तो पिसात उतरतो. पिल्लू जन्मतं करडं. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून त्यावर मादी एकच अंडं घालते. तिथून हे इकडे येतात आणि उन्हाळा संपेपर्यंत राहतात.

आता चूक सांगतो.

आम्हाला जवळ जायचं होतं. फोनमध्ये ते रेघेएवढेच येत होते. दादा म्हणाले, "ताई, हितनंच बघा. म्होरं गेलं की उठतील." आम्ही म्हटलं, उठले तर उठू द्या, उडताना अजून छान दिसतील. दुसऱ्या बोटीतल्याही ओरडायला लागल्या, घ्या की दादा, एवढे पैसे देतोय. "एवढे पैसे देतोय" हे आमच्याच तोंडातलं वाक्य आहे. त्यांनी इंजिन चालू केलं आणि बोट सरळ थव्याकडे नेली.

ते आधी माना वर करून उभे राहिले. मग चालायला लागले. मग सगळे एकदम पाण्यावर धावत सुटले. त्या पक्ष्याला जागेवरून उडता येत नाही, धावावं लागतं. पंख उघडले तसे आतले लाल आणि काळे रंग दिसले. सगळं आभाळ लाल-काळं. आम्ही किंचाळलो, टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ निघाला. खरं सांगायचं तर एवढं सुंदर आम्ही काही बघितलं नव्हतं, आणि तसं न म्हणणं हे खोटं बोलणं होईल.

थवा लांब पलीकडच्या काठाला गेला, ठिपके झाले, दिसेनासे झाले. दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "आता उन्हं वर येईस्तोवर काय हिकडं येत न्हाईत." परत फिरताना समोरून एक बोट येत होती. त्यात एक आजोबा, त्यांची लेक आणि दोन लहान नातवंडं. पोरानं आमच्या बोटीकडे बघून विचारलं, "फ्लेमिंगो कुठायत?" आमच्यातल्या एकीलाही उत्तर देता आलं नाही. आमच्या फोनमध्ये होते ते.

आम्ही दादांना विचारलं, उठवलं तर त्यांचं बिघडतं काय? ते म्हणाले, "ताई, तुम्ही जेवाया बसलाय आन् दर अर्ध्या तासाला कुणीतरी येऊन ताट वढतंय. किती दिस राहाल त्या घरात?" चिखलातले एवढे बारीक जीव गाळून पोट भरायचं म्हणजे दिवसभराचं काम. परतीच्या प्रवासाची ताकद याच खाण्यातून यायची. रविवारी बोटीवर बोट येते आणि प्रत्येक बोटीला उडणारे रोहित हवे असतात. बोटवाला नाही म्हणाला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. त्यांनी बोट नेली म्हणून त्यांना बोल लावायला आम्हाला तोंड नाही.

मग आम्ही त्यांना म्हटलं, आता तुम्हाला वाटेल तिथं न्या. त्यांनी एका कोपऱ्यात बोट नेली, इंजिन बंद केलं, काठी रोवली. म्हणाले, गप बसा. पहिली दहा मिनिटं अवघड गेली. आम्हाला गप बसायची सवय नाही, आणि काम नसताना बसायची तर अजिबात नाही. हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं. पण मग शेकाटे चालत चालत बोटीच्या पलीकडे हातभर अंतरावर आले. एका खंड्यानं मासा धरला आणि काठीवर आपटून आपटून मारला. बदकांची एक ओळ आमच्या बाजूनं, आम्ही नसल्यासारखी निघून गेली. आम्ही नसल्यासारखी. तासभर बसलो असू. उडणाऱ्या थव्याचा व्हिडिओ आता कोणी बघत नाही, पण त्या तासाभराची गोष्ट निघाली नाही अशी आमची बैठक होत नाही.

तिथंच आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्का पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, "आमचं माह्यार या पाण्याखाली हाय." आम्हाला माहीत होतं, पण तिथं बसून ऐकणं वेगळं. धरण झालं तेव्हा गावंच्या गावं उठली. मळईची काळी रानं गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं, दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. आक्का तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या. आईनं चुलीचे दगडसुद्धा नव्या गावठाणात नेले म्हणाल्या. आम्ही विचारलं, आक्का, वाईट वाटतंय का? त्या म्हणाल्या, "आता काय वाईट वाटायचं. आमच्या घरात कुणीतरी राहातंय म्हणायचं." आणि पाण्यातल्या बदकांकडे बघत राहिल्या.

हे पाणी चांगलं नाही, तेही सांगायला हवं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. काही ठिकाणी पाणी हिरवंगार, वास येणारं. आम्ही शहराच्या नावानं बोटं मोडायला लागलो, तेव्हा एकजण म्हणाली, आपण उसाला टाकतो ती खतं कुठं जातात? पावसात ओढ्याला, ओढ्यातून नदीला. त्यावर बराच वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

जेवण एका मासेमारी करणाऱ्या घरातच होतं. चिलापीचं कालवण, तळलेला मासा, भाकरी. आमच्यात निम्म्या माळकरी, त्यांना पिठलं आणि ठेचा. ते घर चालवणारी बाई आमच्याच वयाची. ती म्हणाली, पूर्वी मासा नेऊन व्यापाऱ्याला द्यायचा, तो देईल तो भाव. आता थंडीच्या चार महिन्यांत पाहुण्यांच्या जेवणावर पोरांच्या फिया निघतात. आम्हाला लगेच वाटलं, आपणही इथं एखादी खानावळ टाकावी! तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला असते, हजारो वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या बायका आम्ही. पण तिथं त्या बायका आहेत, तो त्यांचा काठ आहे. त्यांच्या ताटात हात घालायचा नाही. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या मात्र तिनं ठेवून घेतल्या, आणि त्या खपल्याही.

बायकांनी हे काम किती पुढं नेलंय याची दोन उदाहरणं कोकणातली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक काढून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन घरट्यांची राखण सुरू केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं वाळूतून निघून समुद्राकडे जातात ते बघायला लोक येतात, दोरीच्या अलीकडे उभे राहतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. चूल घरच्या बाईचीच. दुसरं वेंगुर्ल्याचं. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतो. बायकाच होडी वल्हवतात, बायकाच झाडांची आणि पक्ष्यांची माहिती सांगतात. वल्ह्याची होडी, इंजिनाचा आवाज नाही. एक बचत गट एवढं करू शकतो. दोन्हीकडे लोक येतात ते कासवं आणि खाडी शाबूत आहेत म्हणून.

तुमचा गट जाणार असेल तर आमच्या अनुभवातनं काही सांगतो. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. पोचायचं ते उजाडताना, दहानंतर उन्हानं पाणी चमकतं आणि पक्षीही सुस्तावतात. रविवार टाळा, शेतकरी बाईला कुठला आलाय रविवार? मातकट, हिरवट, जुन्या साड्या नेसा. भाडं माणशी आहे की बोटीचं, आणि किती वेळाचं, ते बसण्याआधी विचारून घ्या. जॅकेट नसेल त्या बोटीत बसू नका, वारा सुटला तर पैसे गेले तरी चालतील पण जाऊ नका. लघवीची सोय कुठं आहे ते बोटीत बसण्याआधी बघा. आम्ही लाजून विचारलं नाही आणि तिघींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, अशानं आजारी पडायला होतं. खाऊच्या पिशव्या परत आणा. पक्ष्यांना फरसाण टाकू नका. आणि बोटीत बसल्या बसल्या बोटवाल्या दादांना आपणच सांगा, "आम्हाला उडवायचे नाहीत. लांबनंच दाखवा, वेळ लागू द्या." गिऱ्हाईकानंच असं म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं, हे आम्ही दुसऱ्या फेरीत बघितलंय.

त्या व्हिडिओचं काय झालं ते राहिलंच. आम्ही तो आल्या आल्या तालुक्याच्या सगळ्या गटांना पाठवला होता. आठवड्याभरात दोन गटांचे फोन आले, असे उडणारे कुठं दाखवतात, कोणता बोटवाला दाखवतो? तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. पाठवलेलं काही परत घेता येईना. म्हणून रेडिओवर येऊन सांगायचं ठरवलं.

यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. डब्यात पैसे साठलेत. कांदा खुरपून झालाय. बांधावर बसून बगळे बघा म्हणणाऱ्या सासूबाईंनी परवा सुनेला विचारलं, "त्या बोटीत म्हाताऱ्या माणसाला बसाया येतं का गं?" त्यांच्यासाठी पुढची जागा ठेवली आहे, आणि एक जाड घोंगडीही.